रात्री अडीचनंतर

१५ सप्टेंबर २०२५ ला सोमवार होता आणि पितृपंधरवडा सुरू होता. या पंधरवड्यात सिन्नरमध्ये शक्यतो कुणी नवी गाडी काढत नाही, दुकानाचं उद्घाटन ठेवत नाही, मुलगी बघायला जात नाही. पण इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची शेवटची तारीख नेमकी त्या दिवशी आली. दिल्लीतल्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं नसावं. मूळ तारीख ३१ जुलै. ती मे महिन्यातच दीड महिना पुढे गेली होती. एकदा पुढे गेलेली तारीख दुसऱ्यांदाही जाते हा अनुभव गाठीशी असल्याने बरेच जण निवांत होते. त्यात ३० सप्टेंबरपर्यंत मुदत वाढल्याचं, अगदी सरकारी पत्रासारखं दिसणारं पत्र मोबाइलवर फिरलं. ते बनावट असल्याचं खात्याने लगोलग जाहीर केलं, पण बनावट पत्र जितक्या ग्रुपांवर पोचतं तितक्यांवर खुलासा कधीच पोचत नाही.

सोमवारी सकाळी गावातल्या कर सल्लागारांच्या ऑफिसांबाहेर चपलांचा ढीग पडला. आत प्रत्येक स्क्रीनवर एकच दृश्य: मधोमध फिरणारं चक्र. ते थांबलं की पान दिसे, पान दिसलं की त्यातला अर्धा भाग कोरा असे, आणि कोऱ्या भागावर बोट टेकवलं की पुन्हा चक्र. देशभरातून ओरड झाल्यावर खात्याचं उत्तर आलं की पोर्टल व्यवस्थित चालू आहे. आपल्या ब्राउझरची कॅशे साफ करा, नाहीतर दुसऱ्या ब्राउझरवरून प्रयत्न करा. डॉक्टरांनी पेशंटला तपासण्याऐवजी शेजारच्या खोलीत जाऊन खोकून बघायला सांगावं, असा हा सल्ला होता. तरी सिन्नरकरांनी तोही पाळला. कॅशे साफ झाली. त्याबरोबर ऑफिसातल्या पोराने जपून ठेवलेले पन्नास गिऱ्हाइकांचे पासवर्डही साफ झाले.

मग मध्यरात्रीच्या सुमारास आदेश निघाला. मुदत एक दिवस वाढली, १६ सप्टेंबरपर्यंत. आणि त्याच आदेशात पुढे लिहिलं होतं की प्रणालीत आवश्यक बदल करायचे असल्याने पोर्टल रात्री १२ ते अडीच देखभालीसाठी बंद राहील. वाढवून दिलेल्या चोवीस तासांतले पहिले अडीच तास अशा रीतीने देणाऱ्यानेच कापून घेतले. टीडीएस म्हणतात तो हाच. १५ तारखेपर्यंत देशात ७ कोटी ३० लाखांहून अधिक रिटर्न भरली गेली होती, त्यामुळे पोर्टल अजिबात चाललंच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ते चाललं. फक्त ज्याने त्याने ‘माझ्याकडे का चालत नाही’ असं विचारलं, त्याला त्याचा ब्राउझर दाखवण्यात आला.

हे आपल्याकडेच होतं असं समजून कुणी खजील होण्याचं कारण नाही. १७ एप्रिल २०१८ ला, अमेरिकेत रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, तिथल्या कर खात्याची यंत्रणाही बसली होती. त्यांनीही मुदत एकच दिवस वाढवली. जगातल्या सगळ्या कर खात्यांच्या मते नागरिकाचं दुःख चोवीस तासांत बरं होतं.

सिन्नरच्या रिटर्नांना एक खास गावठी गुंता आहे आणि तो बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रात बसून समजणं कठीण आहे. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथे होती. गोंदेश्वराचं देऊळ त्या काळाची साक्ष देत उभं आहे. पुढे त्याच यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य, होता. त्याच्या दप्तराला कसर लागली असेल, वाळवी लागली असेल, पण ‘सेशन एक्स्पायर्ड’ झाल्याची नोंद नाही. आजचं सिन्नर म्हणजे विड्यांचे कारखाने, माळेगावची एमआयडीसी, मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि चारही बाजूंनी कांदा, सोयाबीन, मका. एकाच माणसाच्या अंगावर यातलं दोन-तीन तरी असतं. माळेगावला कंपनीत फिटर, गावी दोन एकर, बायकोच्या नावावर पिठाची गिरणी. असा माणूस रिटर्नच्या कुठल्या फॉर्मात बसवायचा?

खात्याने फॉर्मांना नावं देताना हात सढळ ठेवला. आधी ‘सरल’ होता, मग ‘सहज’ आणि ‘सुगम’ आले. पगारदारासाठी सहज. पण सहजची एक अट आहे: शेतीचं उत्पन्न पाच हजारांपर्यंतच असलं पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही, हे खरं. पण ते पाच हजारांच्या पुढे गेलं की माणूस सहजमधून उठतो आणि थेट दोन नंबरच्या लांबलचक फॉर्मात जाऊन पडतो. म्हणजे कांद्याला भाव मिळाला की फॉर्म अवघड, आणि भाव पडला की सहज. करमाफ उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र आणि शेवटी एक प्रश्न येतो: जमीन बागायत की जिरायत? सिन्नरच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारला की तो आधी आभाळाकडे बघतो. पोर्टलवर ‘यंदा बघू’ असा तिसरा पर्याय नाही.

यापेक्षा मोठं प्रकरण नावाचं आहे.

नाशिक जिल्ह्यात भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब ही नावं पाळण्यातच ठेवतात. त्यासाठी साहेब व्हावं लागत नाही. आता ‘भाऊसाहेब’ इंग्रजीत लिहायचं तर काही कारकून जोडून लिहितात, काही ‘भाऊ’ आणि ‘साहेब’मध्ये जागा सोडतात. जागा सोडली की यंत्राच्या हिशेबी ‘भाऊ’ हे नाव होतं आणि ‘साहेब’ हे वडील. ज्ञानेश्वराची गत त्याहून वाईट. कुणी ‘डीएन’पासून सुरुवात करतं, कुणी ‘जीवाय’पासून, आणि आधार केंद्रावरच्या मुलाला दोन्ही आठवले नाहीत तर तो स्वतःचा तिसरा मार्ग काढतो. त्यात शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर आपली रीत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅन कार्डाच्या अर्जात मात्र ‘लास्ट नेम’चा रकाना वेगळा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एजंटाने रकाने न बघता नक्कल मारली, तिथे वडील ‘लास्ट नेम’च्या रकान्यात गेले. पॅनच्या दहा अक्षरांतलं चौथं अक्षर माणसाचा प्रकार सांगतं, व्यक्ती असेल तर ‘पी’. आणि पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. त्यामुळे सिन्नर तालुक्यात असे सद्गृहस्थ सापडतात ज्यांच्या पॅनच्या पाचव्या घरात वडील कायमचे वस्तीला आले आहेत. नाव नंतर दुरुस्त करून मिळतं. नंबर बदलत नाही.

नावानंतर जन्मतारीख. १ जूनला या महाराष्ट्रात जितके वाढदिवस असतात तितके इतर कुठल्याच दिवशी नसतील, याचं श्रेय जुन्या हेडमास्तरांना आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई, पोरगं दारात उभं असे, बापाला साल अंदाजे माहीत असे. मास्तर १ जून लिहून मोकळे होत. आधार काढताना त्याच पोराकडे, जे आता आजोबा झालं होतं, दाखला नव्हता. मग नुसतं साल नोंदलं गेलं. खात्याला हे माहीत आहे, हे त्याच्या मोठेपणाचं लक्षण. पॅन आणि आधार जोडण्याच्या पानावर एक चौकोन आहे, ‘माझ्या आधारवर फक्त जन्मवर्ष आहे’ असं कबूल करण्यासाठी. साऱ्या पोर्टलवर खेड्याची खरी ओळख असलेली हीच एक जागा. ज्याने ती घातली तो माणूस नक्की कुठल्यातरी तालुक्याच्या गावचा असणार.

ही जोडणी न झाल्याची शिक्षा मात्र मोठी आहे. मुदत वर्षानुवर्षं वाढत गेली. १ एप्रिल २०२२ पासून तीन महिने पाचशे रुपये दंड, नंतर हजार, आणि ३० जून २०२३ ला दार बंद. जे बाहेर राहिले त्यांचं पॅन निष्क्रिय. आता तालुक्यातल्या एका आजोबांची कल्पना करा. जमिनीचे पैसे आले, ते त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले. व्याज झालं. आधारवर ‘भाऊ साहेब’, पॅनवर ‘भाऊसाहेब’, जोडणी फसली, पॅन झोपलं, पॅन झोपलेल्या माणसाच्या व्याजातून बँक दहाऐवजी वीस टक्के कापते. जास्त कापलेले परत मागायचे तर रिटर्न भरून रिफंड मागायचा, आणि पॅन झोपलेलं असेतो रिफंड सुटत नाही. आजोबांच्या दृष्टीने भाऊ आणि साहेब यांच्यामधल्या एका मोकळ्या जागेने एका सालाची कापणी खाल्ली. ते सल्लागाराला इतकंच विचारतात, “मधली जागा मी ठेवली का?”

पोर्टल या प्रश्नाला जे उत्तर देतं ते सर्वांना पाठ आहे. ‘समथिंग वेंट राँग.’ काहीतरी चुकलं. कुणाचं ते सांगायचं नाही, कुठे ते सांगायचं नाही, आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं बटण. हे वाक्य वाचून आजवर कुणाही करदात्याला असं वाटलेलं नाही की चूक समोरच्याची असेल. आपला समाजच असा आहे की सरकारी कागदावर लाल अक्षर दिसलं की आपण आधी आपले खिसे तपासतो.

आता ओटीपी. रिटर्न भरलं म्हणजे काम झालं असं नाही. तीस दिवसांच्या आत ते पडताळावं लागतं, नाहीतर भरलंच नाही असं धरतात. पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. हा क्षण सिन्नरमध्ये कसा येतो, तेवढा जवळून बघण्यासारखा आहे. सल्लागाराच्या ऑफिसात संध्याकाळचे सात. पोराने सगळं भरून ठेवलंय, बटण दाबायचं बाकी. गिऱ्हाईक माळेगावला सेकंड शिफ्टला आणि त्याच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा. जेवणाच्या सुट्टीत तो फोन घेणार, तेव्हा बटण दाबायचं असं ठरतं. सुट्टी होते, फोन येतो, बटण दाबलं जातं, चक्र फिरतं.

“आला का हो भाऊ?”

“आला, पण हा दुसरा दिसतो. बँकेचा.”

“इन्कम टॅक्सचा बघा.”

“त्यात सहा आकडे आहेत.”

“सगळ्यातच सहा असतात. वाचा.”

तो वाचतो. चुकीचा निघतो, कारण तो लॉगिनचा होता. आधारचा वेगळा, आणि आधारला जो नंबर जोडलाय तो घरी बायकोकडे आहे. घरी फोन लागतो. वहिनी हुशार आहेत. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे रिझर्व्ह बँकेच्या जाहिरातीत त्यांनी शंभरदा ऐकलंय, आणि तेही अमिताभच्या तोंडून. “मी टॅक्सवाला बोलतोय” हे वाक्य चोर कसं म्हणतात तेही त्यांना बातम्यांतून पाठ आहे. त्या आकडा सांगत नाहीत. सल्लागार आपली ओळख पटवायला लागतो: मागच्या वर्षी तुमच्या गिरणीच्या कागदांसाठी आलो होतो, चहा घेतला होता. वहिनी विचारतात, “कपबशीत की ग्लासात?” तोवर ओटीपीची पंधरा मिनिटं संपतात. ज्या काळात देशाची एक यंत्रणा ओटीपी लपवायला शिकवते आणि दुसरी तो दुसऱ्याकडून भरून घ्यायला भाग पाडते, त्या काळात वहिनींचं काहीच चुकलेलं नाही.

याच्या आधीची तऱ्हा विसरली जाते म्हणून सांगायला हवी. २००९ मध्ये बंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झालं. ऑनलाइन रिटर्न भरायचं, त्याची एक पानी पावती छापायची, निळ्या शाईने सही करायची आणि ती साध्या टपालाने बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत पाठवायची. कुरिअर चालत नसे. देशातला सगळ्यात आधुनिक व्यवहार सिन्नरच्या पोस्टाच्या लाल पेटीत पडल्यावरच पुरा होई. तरी त्याला एक सोय होती. पोस्टमन कधी म्हणाला नाही की पत्र तुमच्या पेटीच्या सेटिंगमुळे पोचलं नाही.

आताचं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं. त्यासाठी जुनं १ ते ६ जून बंद ठेवलं होतं. मूळ प्रकल्प जानेवारी २०१९ मध्ये मंजूर झाला तो ४,२४२ कोटींचा, काम इन्फोसिसकडे, आणि उद्दिष्ट असं की रिटर्नची छाननी ६३ दिवसांवरून एका दिवसावर यावी. सुरू होऊन दिवस लोटतो न लोटतो तोच खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर इन्फोसिस आणि नंदन नीलेकणी यांना उद्देशून जाहीर तक्रार केली. साऱ्या देशातल्या करदात्यांना तेव्हा फार बरं वाटलं. आपली साइट चालत नाही हे आपण सल्लागाराला सांगतो. अर्थमंत्र्यांचीही चालत नाही आणि त्यांनाही कुणाला तरी सांगावंच लागतं. आठवड्याभरात यंत्रणा स्थिर होईल, असं नीलेकणींनी कळवलं. ऑगस्टमध्ये पोर्टल दोन दिवस साफ बंद पडलं. कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना २३ ऑगस्टला अर्थ मंत्रालयात बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली गेली. शेवटच्या तारखेला काय वाटतं, याचा अनुभव एकदा तरी पलीकडच्या बाजूने घेतला गेला, हे त्यातल्या त्यात समाधान.

त्या वर्षी करोनामुळे रिटर्नची तारीख ३० सप्टेंबर केली होती. पोर्टलला ते कुणी सांगितलं नव्हतं. ३१ जुलै उलटताच त्याने उशिराचं शुल्क आणि व्याज लावायला सुरुवात केली. उशिराचं शुल्क म्हणजे पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर हजार, त्यावर पाच हजार. खात्याने ११ ऑगस्टला खुलासा केला की सॉफ्टवेअर १ ऑगस्टला दुरुस्त केलं आहे, आणि ज्यांनी चुकून जादा भरलं त्यांचा हिशेब छाननीच्या वेळी करून देऊ. ‘चुकून’ हा शब्द कुणाला लागू आहे, ते याही वेळी स्पष्ट झालं नाही.

जीएसटीकडे वळलं तर विषय वाढेल, पण एमआयडीसीच्या गावात तो टाळताही येत नाही. १ जुलै २०१७ ला कर आला. तेव्हा विडीला २८ टक्के लागला आणि तेंदूपानाला १८. ऑगस्टमध्ये पहिलं मोठं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा १९ तारखेला साइट झोपली आणि तारीख २० वरून २५ झाली. १ फेब्रुवारी २०१८ ला मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचं झालं, त्याच दिवशी ती यंत्रणा कोसळली आणि सक्ती दोन महिने पुढे गेली. माल भरून तयार, ड्रायव्हर चहा घेऊन तयार, आणि बिल निघत नाही म्हणून गाडी दारात. कारखानदारांनी हा दिवस विसरायचा ठरवला तरी ड्रायव्हर विसरू देत नाहीत. त्याच महिन्यात एका कंपनीची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. तिला पोर्टलवर स्वतःच्याच खात्यात शिरता येत नव्हतं. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की नव्या कराचे सोहळे, संसदेची खास अधिवेशनं यांना करदात्याच्या लेखी काही अर्थ नाही, जोवर त्याला पोर्टलवर सुखाने जाता येत नाही.

न्यायालयाची यापेक्षा मजेदार गोष्ट पुढची आहे, आणि तिच्यात एमआयडीसीतल्या तरुण पोरांचा थेट संबंध आहे, कारण जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शेअर घेणं-विकणं हा तिथला नवा खेळ.

२०२३-२४ या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला कलम ८७ अ खाली पंचवीस हजारांपर्यंत सूट होती. समजा, एका पोराचा सगळ्या वजावटी जाऊन पगार ५ लाख ६० हजार आणि शेअरमधला अल्पकालीन नफा ६० हजार. पगारावर १३ हजार कर, नफ्यावर १५ टक्क्यांनी ९ हजार. एकूण २२ हजार, सूट पंचवीसची, भरायचे शून्य. ५ जुलै २०२४ पर्यंत पोर्टलचा हिशेब बरोबर असाच निघत होता. त्या दिवशी पोर्टलवरचं सॉफ्टवेअर बदललं आणि शेअरच्या नफ्यावरच्या करातून सूट द्यायचं बंद झालं. कायदा तोच, वर्ष तेच, पोरगं तेच. ४ जुलैला रिटर्न भरलं असतं तर शून्य. ६ जुलैला भरलं तर उपकरासह ९,३६० रुपये. बाकावर शेजारी बसणारे दोन फिटर, पगार सारखा, नफा सारखा, कर वेगळा. ज्याने आधी भरलं त्याला सगळे हुशार म्हणू लागले. त्याने फक्त रविवारी क्रिकेट नव्हतं म्हणून आधी भरलं होतं.

मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दा साधा होता: सूट मिळते की नाही हे अधिकाऱ्याने ठरवावं, न्यायाधिकरणाने ठरवावं, ती मागायचा रकानाच सॉफ्टवेअरने बंद कसा करायचा? २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सुधारित आणि उशिराच्या रिटर्नची मुदत वाढवायला सांगितलं, आणि ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला निकाल आला: करदात्याला दावा करायची वाट अशी दारातच अडवता येणार नाही. अनेकांनी आनंदाने रिटर्न सुधारून दावे केले. मग छाननीत पुष्कळांची सूट नाकारली गेली. काहींना आधी देऊन नंतर परत मागितली. सप्टेंबर २०२५ मध्ये खात्याने परिपत्रक काढून उदारपणे सांगितलं की मागणीची रक्कम ३१ डिसेंबरपर्यंत भराल तर त्यावरचं व्याज माफ. दरम्यान २०२५ च्या वित्त कायद्याने पुढच्या वर्षांसाठी कलमच बदललं आणि विशेष दराच्या उत्पन्नावर सूट नाही असं लिहून टाकलं. सॉफ्टवेअर कायद्याप्रमाणे चालत नव्हतं; त्यावर निघालेला उपाय म्हणजे कायदा सॉफ्टवेअरप्रमाणे चालू लागला. एवढा सोपा मार्ग सिन्नरच्या कुठल्याच सल्लागाराला सुचला नव्हता.

या सगळ्यात सल्लागारांनी स्वतःचं एक शास्त्र तयार केलं आहे. शेवटच्या आठवड्यात दिवसा साइटला हात लावायचा नाही. चलन भरताना ‘आर्थिक वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांत गोंधळ होणारच, तेव्हा गिऱ्हाइकाला चलन एकट्याने भरू द्यायचं नाही. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात दोन्ही जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं, लोकांनी नुकतंच कुठे पहिलं समजून घ्यायला घेतलं होतं.) बँकेचं खातं आधी तपासायचं, कारण १ एप्रिल २०१९ ला देना बँक बडोद्यात गेली, पुढच्या वर्षी सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, पण लोकांच्या पासबुकाच्या कव्हरवर जुना आयएफएससी आजही ताजातवाना आहे, तो टाकला की रिफंड कुठल्याच बँकेत पोचत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम: गिऱ्हाइकाला कारण विचारू द्यायचं नाही, ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायचं. या दोन शब्दांवर सिन्नरमध्ये कुणी वाद घालत नाही. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या अॅपवर बांधावर उभं राहून आपल्याच सोयाबीनचा फोटो चढवायला धडपडतोय. त्याला हे दोन शब्द हवामानाच्या अंदाजाइतके ओळखीचे आहेत.

वेळेचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा नाही, हे मात्र त्या ऑफिसांत कुणीतरी दरवर्षी नव्याने शोधून काढतं. करदात्याने रिटर्नला उशीर केला तर थकलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज. खात्याने रिफंडला उशीर केला तर महिन्याला अर्धा टक्का. खात्याच्या अर्ध्या टक्क्याला ओटीपी लागत नाही, एवढं खरं.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींचंच बघा. पेन्शन आणि ठेवींच्या व्याजावर टीडीएस कापला गेला, कर काहीच बसत नव्हता, १२,४०० रुपये परत येणं होतं. रिटर्न वेळेत भरलं. नाव जुळत नव्हतं, ते जुळवलं. बँक खात्याची पडताळणी फसली, ती दुसऱ्या आयएफएससीने केली. नोव्हेंबरात पैसे आले, एप्रिलपासूनचे आठ महिने धरून ४९६ रुपये व्याजासकट. गुरुजींनी त्या ४९६ चे पेढे आणले आणि सल्लागाराच्या ऑफिसात वाटले. पुढच्या जुलैत ते पुन्हा पिशवी घेऊन आले, सगळे आकडे स्वतः वहीत मांडून. सल्लागाराने पोर्टलवर त्यांचं वार्षिक माहितीपत्रक उघडलं, पासवर्ड म्हणून पॅन लहान लिपीत आणि पुढे १ जून घातला, आणि खाली बोट ठेवलं: प्राप्तिकराच्या रिफंडवरचं व्याज, ४९६ रुपये, करपात्र उत्पन्न.

“हे दाखवायला लागतं?” गुरुजींनी विचारलं.

“लागतं. नाहीतर जुळत नाही म्हणून मेसेज येतो.”

गुरुजींनी वही उघडली, टोपण काढलं आणि ४९६ लिहिले. मग बराच विचार करून विचारलं, “पेढ्यांचा खर्च वजा होतो का?”